धक्क्यांचं डॉकेट

इंदिरा नगर, लखनौ
८ जानेवारी २०२४

प्रिय पंढरीनाथ भाऊजी,
सप्रेम जयभीम.

तुमचे जगदीशदादा गेल्याला चार वर्षं झाली आणि या चार वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. म्हणजे आता काहीतरी काम निघालं असणार, हे तुम्ही पाकीट बघूनच ओळखलं असेल. निघालं आहे.

मला हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा आहे. स्वतःच्या हातांनी, स्वस्तातला, घरच्या घरी. मोबाइलला हेडफोन लावला की आवाज एका पट्टीच्या वर चढत नाही. वर तो ठोकळा मला बजावतो की एवढा आवाज कानांना बरा नव्हे. पस्तीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये हेडसेट लावून बसलेल्या बाईला हा कानांचं शिकवणार!

कशासाठी, ते सांगते. खाली मी एकटी असते. वर बंटी आणि त्याची बायको प्राची. (बंटी म्हणजे सुजय. तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत ते दादांच्या वेळी.) लग्नाला दोन वर्षं झाली. या प्राचीची आदळआपट फार. भांडी पाडते, कपाटं आपटते, स्वतः धडपडते. परवा दाराची चौकट लागून भुवई फुटली, तीन टाके पडले. भिंतीत दार कुठे आहे हे दोन वर्षांत कळलं नाही बाईला. ही आदळआपट सुरू झाली की मी हेडफोन लावते, पण आवाज पुरत नाही. मला असं यंत्र हवं की एकदा कानांवर चढवलं की छत कोसळलं तरी कळू नये.

एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं होतं : लाइन जोडायची, लागली का ते बघायचं आणि कान काढून घ्यायचा. दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याचा कान म्हणजे चोरी. माझ्या लाइनीवर माणसं रडली, एकमेकांच्या आया उद्धरल्या, एकाने तर जीव देण्याची धमकी दिली. मी ऐकलं नाही. घरातही मी तोच नियम पाळते.

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला डोमेस्टिक सायन्स दिलं आणि फिजिक्स मुलांच्या शाळेसाठी ठेवलं. तेव्हा पहिल्यापासून सांगा. पण मूर्खाला सांगावं तसं सांगू नका. आणि फोन करू नका. जिना उघडा आहे, खाली बोललेलं वर जातं.

आपली,
नयना

*

कामठी रोड, नागपूर
१७ जानेवारी २०२४

आदरणीय नयनावहिनी,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र दुकानात बसून वाचलं. अक्षर अजून तसंच, छापल्यासारखं.

सोबत सर्किट काढून पाठवतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. मोबाइलमधून निघतो तो आवाज म्हणजे कुजबुज समजा. हेडफोनचा पडदा हलवायला तिच्यात जोर नसतो. मधे एक आयसी, म्हणजे छोटी काळी चिप, बसवायची. ती कुजबुज ऐकते आणि सेलची ताकद वापरून तेच मोठ्याने म्हणते. नवीन काही बोलत नाही, ऐकलेलंच बोलते.

२८२२ नंबरची आयसी मागा. आठ पायांची असते, जुन्या वॉकमनमध्ये हीच असायची, आणि एकीतच दोन्ही कानांची सोय होते. मोठे कंडेन्सर उभ्या डब्यांसारखे दिसतात. त्यांच्या अंगावर पांढरी पट्टी असते, ती बाजू वजा. उलटे लावले तर फुटतात. छोटे, चकतीसारखे असतात ते डिस्क कंडेन्सर. ते कसेही लावा. सगळं झिरो पीसीबीवर बसवा, म्हणजे त्या भोकाभोकांच्या पट्टीवर. चार पेन्सिल सेल वापरा. अ‍ॅडॉप्टर लावू नका. हेडफोनच्या अगोदर दोन्ही बाजूंना मी एकेक रजिस्टन्स दाखवला आहे. तो कानांची राखण करतो, तो काढायचा नाही.

सोल्डर मारताना आधी आयसीचा पाय तापवा, मग तार टेकवा. थेंब चमकला पाहिजे. राखाडी दिसला तर तो पकडलेला नाही, नुसता बसलेला आहे.

वहिनी, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण कानाच्या डॉक्टरला एकदा दाखवून घ्या. या वयात ऐकू कमी येतंच. बंटीसारखा इंजिनिअर मुलगा डोक्यावर आहे हे किती बरं. सोल्डरिंग त्याच्याकडून करून घ्या. सूनबाईंनाही सांभाळून चालायला सांगा.

आपला,
पंढरीनाथ

*

इंदिरा नगर
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय भाऊजी,
सप्रेम जयभीम.

मला ऐकू येतं. नको तितकं येतं. डॉक्टरचं पुन्हा काढू नका.

सामान आणायला निशातगंजच्या बाजारात गेले होते. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "अम्मा, पोते का स्कूल प्रोजेक्ट है?" मी म्हटलं, "पोता है ही नहीं. प्रोजेक्ट मेरा है. कंडेन्सर दिखाइए, खानदान मत पूछिए." मागे उभे होते ते सगळे हसले. मग तो म्हणतो, "अरे नाराज न होइए. आईसी दो ठो ले जाइए, एक तो आप फूँकेंगी ही."

मेल्याची वाणी खरी ठरली. सेल संपले होते म्हणून मी इंटरनेटच्या डब्याचा जुना अ‍ॅडॉप्टर लावला, बारा व्होल्टचा. त्यात एक कंडेन्सर उलटा बसला होता. मी वाकून बघतेय तोच फट्! गोळी सुटावी तसा फुटला. टोपण छताला लागलं, आतला गरम कागद गालाला चिकटला, खोलीभर जळक्या माशासारखा वास.

आणि वर त्या वेळी आदळआपट चालू होती, ती एकदम थांबली. माझ्या स्फोटाने. जिन्यावर बंटीची पावलं वाजली. अर्ध्यावर थांबून म्हणाला, "मम्मी, क्या फोड़ा?" मी म्हटलं, "तू काय फोडलंस?" तो हसला. "प्राची ने मिक्सर गिरा दिया." परत वर गेला. त्या दिवशी पुढे काही वाजलं नाही.

दुसरी आयसी नीट बसवली, नवे सेल घातले. बोटं तीनदा भाजली, पण चालतो, भाऊजी! पट्टी जिन्याखालच्या भिंतीला स्क्रूने ठोकून टाकली आहे, म्हणजे कोणी उचलणार नाही. आवाज असा की बातम्या देणारी बाई माझ्या दाढेत बसून बोलते. तरी पुरेना, म्हणून तुमचा तो राखणदार रजिस्टन्स उपटून टाकला. रागावू नका. कान माझे आहेत.

पण एक दोष राहिला. मधूनच धप् असा आवाज येतो. बाहेरून नाही, हेडफोनमधूनच येतो. जणू कोणी माझ्या कवटीला आतून ठोसा मारतंय. गाणं बंद करून नुसता हेडफोन लावला तरी येतो. जे ऐकू येऊ नये म्हणून यंत्र केलं, तेच ते मोठं करून देतंय. हे तुमच्या सर्किटचं काम आहे. दोष शोधून द्या.

नयना

*

नागपूर
१० फेब्रुवारी २०२४

आदरणीय वहिनी,
सविनय जयभीम.

आधी तो रजिस्टन्स परत लावा. कान फाटतील. डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, कानाला तसलं काही नाही.

धप् आवाजाबद्दल माझे दोन अंदाज आहेत. पहिला डिस्क कंडेन्सरचा. त्याला पेन्सिलीने टिचकी मारून बघा. आतली चकती चिनी मातीची असते, हादरा बसला की स्वतःच थोडी वीज काढते आणि आयसी ती शंभर पटीने ओरडून सांगते. तुम्ही पट्टी भिंतीला ठोकली आहे. म्हणजे भिंतीचा हादरा थेट तुमच्या कानात. दुसरा अंदाज असा की घरातली मोटर, फ्रिज किंवा मिक्सर चालू-बंद होताना धक्का देत असेल.

यातलं कुठलं, ते इथे बसून सांगता येणार नाही. एक्स्चेंजमध्ये तुम्ही फॉल्टचं डॉकेट लिहायच्या ना? तसंच लिहा. वार, वेळ, धक्के किती, तेव्हा घरात काय चालू होतं. दोन आठवडे लिहा. काही गाळू नका, मनचं घालू नका. आमच्या धंद्यात काय वाटतं ते लिहीत नाहीत, काय झालं ते लिहितात.

सूनबाईंचे टाके निघाले का?

आपला,
पंढरीनाथ

*

इंदिरा नगर
५ मार्च २०२४

प्रिय भाऊजी,
सप्रेम जयभीम.

टिचकी मारली. कंडेन्सर खरोखर वाजतो. तुमचा पहिला अंदाज बरोबर निघाला असं मला वाटतं, पण तुम्ही 'वाटतं' लिहू नका म्हणालात, म्हणून डॉकेटची नक्कल देते.

सोमवार १२ फेब्रुवारी. सकाळी ८.४०. धक्के दोन. फ्रिज बंद, पाण्याची मोटर बंद.
बुधवार १४. संध्याकाळी ७.१०. धक्के पाच, नंतर काहीतरी लांबवर ओढत नेल्यासारखा आवाज. मिक्सर बंद.
शुक्रवार १६. सकाळी ८.३५. धक्का एक. मोठा.
शनिवार १७ ते शनिवार २४. एकही नाही. मोटर, फ्रिज, मिक्सर सगळं रोजच्यासारखं चालू. बंटी ऑफिसच्या कामाने गोरखपूरला.
रविवार २५. दुपारी २.१५. धक्के अकरा. वीज गेलेली.

प्राचीचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे. पंचवीस तारखेला जिन्यावरून पडली. चप्पल घसरते म्हणे. मी तिला रबरी तळाच्या चपला आणून दिल्या, एक नंबर मोठ्या आल्या. त्याही तिने मुकाट्याने घातल्या. ही आजकालची मुलगी, लखनौमध्ये जन्मली, मराठी समजतं पण उत्तर हिंदीत देणार : "जी मम्मी जी, अब नहीं गिरूँगी." जशी काही पडण्यावर मी बंदी घातली होती.

तर आता कोणता कंडेन्सर बदलायचा ते कळवा. धक्का कानात येता कामा नये, एवढंच मला हवं आहे.

नयना

*

नागपूर
१२ मार्च २०२४

आदरणीय वहिनी,
सविनय जयभीम.

डिस्कच्या जागी पॉलिएस्टरचा कंडेन्सर लावा. त्याला हादरा कळत नाही. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर संपलं. पुढचं तुम्ही विचारलेलं नाही.

तुमचं डॉकेट मी तीन वेळा वाचलं. पंचेचाळीस वर्षं दोष शोधतोय. वीज गेल्यावर विजेचा दोष अकरा वेळा येत नाही. आणि मोटर, फ्रिज, मिक्सर आठ दिवस गावाला जात नाहीत. त्या आठ दिवसांत घरात एकच गोष्ट नव्हती. तुम्हीच लिहिली आहे.

वहिनी, बंटी प्राचीला मारतो.

मला हे इतक्या खात्रीने कसं कळलं, ते सांगतो. डोकं भिंतीला लागलं तर बोथट धप् येतो. कपाटाला लागलं तर मागे पत्रा थरथरतो. माणूस ओढत नेलं की तुम्ही लिहिलाय तसाच लांब आवाज येतो. हे मी दुकानात शिकलो नाही. घरात शिकलो. माझी बायको बेबी स्वभावाने तापट होती, भांडून माहेरी गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाही. वहिनी, मी बेबीला मारायचो. नऊ वर्षं. एकदा पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्याने मारलं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत.

मी सुरू झालो की शेजारचे रेडिओ मोठा करायचे. तो रेडिओ मीच दुरुस्त करून दिलेला. त्यांनी एकदा तो बंद करून दार वाजवलं असतं तर मी थांबलो असतो का, माहीत नाही. पण बेबीला कळलं असतं की बाहेर ऐकू जातंय.

अठरा वर्षं झाली ती घर सोडून गेल्याला. माफीचं पत्र लिहावं असं दर वर्षी मनात येतं, लिहिणारही आहे.

डॉकेट परत पाठवतो. ते माझ्याकडे ठेवायची चीज नाही.

पंढरीनाथ

*

इंदिरा नगर
१९ मार्च २०२४

पंढरीनाथ,

भाऊजी लिहायला हात वळत नाही.

मी तुम्हाला कंडेन्सर विचारला होता. माझ्या घराचा पंचनामा करायला सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं बायकोला वरवंट्याने ठेचणाऱ्या माणसाने माझ्या मुलाकडे बोट दाखवावं? तुम्ही घरी यायचात तेव्हा मी तुम्हाला गरम पोळ्या वाढल्या आहेत. त्या पोळ्यांची मला लाज वाटते.

बंटी चिडका आहे. त्याचा बाप होता, मीही आहे. लहानपणी मी त्याला फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारलं आहे. तशीच कॉन्व्हेंटमधली सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला मारायची. कोणी मेलं नाही. माझं अक्षर छापल्यासारखं आहे म्हणालात ना? ते त्या पट्टीनेच झालं. मार आणि शिस्त यांतला फरक मला तुमच्याकडून शिकायचा नाही.

आणि काय ऐकू आलं, काय नाही, ते मी ठरवते.

तुमच्या समाधानासाठी काल प्राचीला खाली बोलावून विचारलं. "कुछ नहीं मम्मी जी, फिसल गई थी." संपलं. सोफ्यावर बसली होती. कडेवर, अर्धी. चहा संपेपर्यंत पाठ टेकवली नाही तिने. माहेरी बसायचंसुद्धा शिकवलेलं नाही.

यापुढे पत्र पाठवू नका.

नयना

*

नागपूर
५ एप्रिल २०२४

वहिनी,

पाठवू नका म्हणालात, तरी पाठवतो. फाडून टाका.

पाठ टेकवत नव्हती ती शिकवण नसल्यामुळे नाही. पाठीला काय झालं आहे ते बघा.

पुढच्या वेळी धक्का आला की वर जा. काही बोलू नका हवं तर. नुसत्या दारात उभ्या राहा.

पंढरीनाथ

*

इंदिरा नगर
२९ एप्रिल २०२४

प्रिय भाऊजी,

डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. सिस्टर बेनेडिक्टाने हे बघून पट्टी मोडली असती. उजवं मनगट दोन जागी मोडलं आहे.

तुमचं पाच तारखेचं पत्र दहाला आलं. मी फाडलं नाही, पण उत्तरही दिलं नाही. निशातगंजहून पॉलिएस्टरचे कंडेन्सर मात्र घेऊन आले. म्हणजे बघा, पाठ बघायची सोडून मी काय बघत होते.

बारा तारखेला, शुक्रवारी सकाळी, डिस्क काढून ते नवे बसवत होते. साडेआठ झाले होते. हेडफोन कानांवर नव्हता. पहिला धक्का छतातून आला. तुमच्या डॉकेटने मोजायची सवय लावली होती. एक. दोन. तीन. प्राची ओरडत नव्हती. ती कधीच ओरडली नाही, हे मला तेव्हा सुचलं. दोन वर्षं मी ज्याला तिची आदळआपट म्हणत होते, त्यात तिचा आवाज कधी नव्हताच. पाचव्या धक्क्यानंतर काहीतरी फुटलं आणि सहावा ओला वाजला. ओला म्हणजे काय, ते तुम्हाला समजावून सांगायला नको.

मी उठले. सोल्डरिंग आयर्न हातातच होतं. वायर ताणली गेली, प्लग भिंतीतून उपटला, ते घेऊन मी जिना चढले. सोळा पायऱ्या आहेत. गुडघे धरल्यापासून सहा महिन्यांत वर गेले नव्हते.

दार उघडंच होतं. त्याला लावायची गरजही वाटत नव्हती. बंटीच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, शर्ट खोचलेला, बूट घातलेले. प्राचीची वेणी त्याने मुठीभोवती दोन वेढे घेऊन धरली होती आणि तिचं कपाळ कपाटाच्या कडेवर मारत होता. घाईने नाही. खिळा वाकू नये म्हणून नेमाने ठोकावा, तसा. कपाटावर, जमिनीवर, त्याच्या पांढऱ्या बाहीवर रक्त होतं. तिचा प्लास्टरचा हात नुसता लोंबत होता.

मी म्हटलं, "बंटी."

त्याने मान वळवली नाही. म्हणाला, "मम्मी, नीचे जाओ. हेडफोन लगाओ."

भाऊजी, त्याला माहीत होतं. मी ऐकते हे त्याला माहीत होतं आणि मी ऐकणार नाही हेही माहीत होतं. त्या भरवशावर दार उघडं होतं.

मी आयर्नचं टोक त्याच्या वेणी धरलेल्या हातावर टेकवलं. टेकवलं आणि दाबून धरलं. चर्र झालं, धूर निघाला, कातडीचा वास आला. या हाताला मी उटणं लावलं आहे आणि पट्टीही मारली आहे. तो किंचाळला, बोटं सुटली, प्राची खाली पडली. मग त्याने मला छातीवर ढकललं. मी दारातून मागे, जिन्यावरून सहा-सात पायऱ्या खाली गेले. मनगट कडकन वाजलं ते मी स्वतः ऐकलं. वरून तो म्हणत होता, "पागल हो गई हो क्या!" आणि त्याच्या मागे प्राची गुडघ्यांवर बसून, डोळ्यांतलं रक्त पुसत, एकशेबारा नंबर लावत होती.

पोलिसांनी आधी आम्हाला इस्पितळात नेलं. तिला कपाळावर चौदा टाके. मग चौकीत. बंटीने हाताला पट्टी बांधून आधीच जबाब दिला होता. पहिल्यांदाच रागात हात उठला, तेवढ्यावरून आईने मला जाळलं, आईचं डोकं आजकाल ठिकाणावर नाही. अंमलदार माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाला, "माताजी, लड़का अफसर है. मियाँ-बीवी की पहली हाथापाई है, थाना-कचहरी में क्यों घसीटें? बहू को आप ही समझा दीजिए."

"पहली नहीं है," प्राची म्हणाली.

"कोई गवाह?"

"नहीं. मम्मी जी नीचे रहती हैं. इनके कान कमज़ोर हैं, इन्हें कुछ सुनाई नहीं देता."

टाके घातलेलं कपाळ घेऊन ती मला वाचवत होती. तिला खरंच वाटत होतं की मी बहिरी आहे. मी मान डोलावली असती की झालं होतं. बंटी संध्याकाळी घरी आला असता, प्राचीच्या शब्दाला आधार उरला नसता आणि मी तिच्या नजरेत बिचारी म्हातारी राहिले असते.

मी म्हटलं, "मेरे कान बिल्कुल ठीक हैं. लिखिए. दो साल से सुन रही हूँ."

अंमलदाराने पेन उचललं नाही. मग मी त्याला सिस्टर बेनेडिक्टाच्या इंग्रजीत विचारलं की तो लिहून घेणार आहे की मी त्याच्या वरिष्ठांकडे बसून लिहून देऊ. लिहू लागला. तुम्ही परत पाठवलेलं डॉकेट दिलं. भुवईचे टाके सांगितले, हात सांगितला, मिक्सर सांगितला, आठवलं तेवढं सगळं सांगितलं. प्रत्येक वेळी मी कुठे होते हे त्याने विचारलं. "नीचे." प्रत्येक वेळी काय केलं, ते विचारलं. "कुछ नहीं." हे त्याने अकरा वेळा लिहिलं. डाव्या हाताने सही केली.

प्राची माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिसऱ्या की चौथ्या "नीचे"नंतर ती उठली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

बंटी कोठडीत आहे. जामीन होईल असं वकील म्हणतो. मी त्याला भेटायला गेले नाही. एकदा अर्ध्या रस्त्यातून परत आले. तो माझा मुलगा आहे आणि मला रात्रंदिवस त्याच्या हाताच्या वासाची किळस येते, त्याच्या नव्हे, माझ्याच बोटांना लागलेल्या वासाची.

प्राची जानकीपुरमला राहते, तिच्या ऑफिसातल्या रूपालीकडे. काल सामान न्यायला आली. मी वर गेले. ती एका हाताने सुटकेस बंद करत होती, मला एकच हात आहे. दोघींनी मिळून झाकण दाबलं. मग मी म्हटलं, "प्राची, माझं चुकलं. मला माफ—"

"सॉरी मत बोलिए, मम्मी जी." आवाज चढवला नाही तिने. "सॉरी तो वो भी बोलते थे. हर बार. चाय बना के."

मी सुटकेसचा खटका लावला.

"आप कोर्ट में बोलिएगा," ती म्हणाली. "जितना सुना है, उतना. और फिर घर मत आइएगा मेरे, कुछ दिन." मग बॅग माझ्याकडे सरकवली. "ये वाली उठा लेंगी? हल्की है."

हलकी नव्हती. खाली ई-रिक्षापर्यंत नेऊन दिली. तिने मागे वळून बघितलं नाही.

आता तुमचं. बेबीला माफीचं पत्र लिहिणार म्हणालात. लिहू नका. त्या बाईने नऊ वर्षांत तसली पुष्कळ ऐकली असतील. तिला सोडा, बाकीच्यांना लिहा. तिच्या भावाला, तुमच्या बहिणींना, त्या रेडिओवाल्या शेजाऱ्यांना, ज्यांना ज्यांना तुम्ही सांगितलंत की बेबी तापट होती, त्या प्रत्येकाला. तुम्ही काय केलंत ते वरवंट्यासकट लिहा आणि खाली पूर्ण नावाने सही करा.

माझं पत्र मला पोचलं आहे. आता उरलेली पोस्टात टाका.

नयना